‘पासलकर’ : मोसे खोऱ्यातील एका विरळ आडनावाची व्युत्पत्ती आणि वितरण

प्रास्ताविक

मुळशी तालुक्यातील महाविद्यालयाचा हजेरीपट वाचताना काही आडनावे पानोपानी भेटतात. मारणे, मोहोळ, ढमाले ही त्यांपैकी ठळक होत. पवार, जाधव, शिंदे ही तर महाराष्ट्रात कोठेही भेटणारी आडनावे आहेत. याच पटावर एखाद्या वर्षी ‘पासलकर’ हे आडनाव येते आणि नंतर काही वर्षे दिसत नाही. इतिहासाच्या वाचकाला मात्र ते अपरिचित नाही. शिवकालाच्या आरंभी मोसे खोऱ्याचे देशमुख असलेले बाजी पासलकर हे शिवाजी महाराजांच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी एक होते आणि १६४९ मधील फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी, पुरंदर-सासवड परिसरातील लढाईत, ते कामी आले. सासवड येथे त्यांची समाधी आहे.

एका बाजूला इतिहासात ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूला जनगणनेच्या दृष्टीने विरळ, असे हे आडनाव आहे. मराठी आडनावांसंबंधीचे लेखन बहुधा गमतीदार नावांच्या याद्या देण्यात किंवा कुलगौरव सांगण्यात संपते. आडनाव हे लोकवस्तीच्या इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे, कोणत्या मर्यादेपर्यंत वाचावे, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात ‘पासलकर’ या एका नावाच्या आधारे त्याचा विचार केला आहे. स्थलवाचक आडनाव हे एखाद्या ठिकाणच्या वास्तव्याचा पुरावा मानले जाते. वस्तुतः ते त्या ठिकाणाहून निघून गेल्याचा पुरावा असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

खोरे आणि त्याची घराणी

मोसे नदी सह्याद्रीच्या धारेजवळ, मुळशी तालुक्याच्या नैर्ऋत्य भागात उगम पावते. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही वरच्या खोऱ्यातील गावे मुळशीत मोडतात. खालचे खोरे वेल्हे तालुक्यात (आता राजगड तालुका) जाते. पुढे आंबी आणि मुठा या नद्यांप्रमाणेच मोसेचे पाणीही खडकवासल्याच्या जलाशयात येते. या नद्यांच्या प्रत्येक दरीस ‘खोरे’ किंवा ‘मावळ’ म्हणत आणि प्रत्येक खोऱ्याचे देशमुखी वतन एखाद्या घराण्याकडे असे. मुठे खोऱ्यात मारणे, पौड खोऱ्यात ढमाले, मोसे खोऱ्यात पासलकर, कानंद खोऱ्यात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल, रोहिडखोऱ्यात जेधे व खोपडे अशी ही वाटणी होती. डोंगराची एक रांग ओलांडली की दुसरे खोरे, दुसरा देशमुख आणि दुसरे आडनाव, असा हा भूगोल आहे.

ही आडनावे एकापुढे एक ठेवली असता त्यांच्या रूपांतील भेद लक्षात येतो. मारणे, ढमाले, जेधे, खोपडे ही ‘ए’कारान्त आहेत. मराठीत ‘काळा’चे ‘काळे’ आणि ‘गोरा’चे ‘गोरे’ व्हावे त्याप्रमाणे आकारान्त पुल्लिंगी नावाचे किंवा टोपणनावाचे हे अनेकवचन होय. त्यात आदर आहे आणि समूहही आहे. अशा नावाने एका माणसाचा नव्हे, तर सबंध भावकीचा निर्देश होतो. बांदल, मरळ, मोहोळ ही प्रत्ययविरहित नावे आहेत. यांपैकी ‘मोहोळ’ या नावाचे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ गावाशी नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु गावावरून आलेले नाव ‘मोहोळकर’ व्हावयास हवे होते, म्हणून मधमाश्यांचे मोहोळ या सामान्यनामाकडेच आधी पाहणे अधिक युक्त ठरते. महाराष्ट्रातील कुस्तीचे संघटक मामासाहेब मोहोळ हे मुळशीतील मुठा गावचे होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेथपर्यंत हे नाव सोलापूरहून आले असे मानण्यास शब्दाच्या रूपात काहीही आधार नाही.

वरील यादीत ‘कर’ प्रत्यय असलेली नावे दोनच आहेत. पासलकर आणि शिळीमकर. वतनदार घराण्यांत हा प्रत्यय दिसावा ही थोडी विस्मयाची बाब आहे. खोऱ्याचा देशमुख हा त्या खोऱ्यातील सर्वांत जुना, मुरलेला माणूस, अशी आपली कल्पना असते. ‘कर’ प्रत्यय मात्र नेमके उलट सांगतो.

गाव सोडल्यावर मिळणारे नाव

एखाद्या गावात राहणाऱ्या शंभर कुटुंबांना त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावून कोणताही भेद साधत नाही. पुण्यात राहणाऱ्यास कोणी पुणेकर म्हणून ओळखत नाही. तो सातारला किंवा इंदूरला गेला म्हणजे पुणेकर होतो. ‘आम्ही पुणेकर’ ही अभिमानाची घोषणा वेगळी, आडनाव वेगळे. तात्पर्य, ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव ठेवणारे लोक नवे गाव आणि नवा शेजार हे असतात आणि ज्या गावाचे नाव त्यात येते ते मागे सोडलेले असते. कोकणातील आणि गोव्यातील ‘कर’ नावांची विपुलता ही तेथील स्थलांतराच्या विपुलतेची खूण आहे.

हे मान्य केले तर पासलकर हे मोसे खोऱ्यात बाहेरून आलेले घराणे ठरते आणि त्यांच्या नावातील गाव मोसे खोऱ्याबाहेर शोधावे लागते. मोसेच्या दक्षिणेस आंबी नदीचे खोरे आहे आणि ते ओलांडल्यावर वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘पासली’ हे गाव लागते. ध्वनीच्या दृष्टीने ‘पासली’वरून ‘पासलीकर’ हे रूप अपेक्षिले जाईल, असा आक्षेप येथे घेता येतो. बारामतीकर, दापोलीकर, निपाणीकर या रूपांत अन्त्य ‘ई’ टिकते, हे खरे. परंतु मंगेशी गावावरून मंगेशकर, केरीवरून केरकर आणि तेंडोलीवरून तेंडुलकर ही रूपे होतात. अन्त्य ‘ई’ गळण्याची प्रवृत्ती मराठीत इतकी सहज आहे की मास्टर दीनानाथांच्या घराण्याने अगदी अलीकडच्या काळात घेतलेल्या नावातही ती दिसते. तेव्हा ‘पासली’ ते ‘पासलकर’ हा प्रवास व्याकरणाला धरून आहे आणि दोन ठिकाणांमधील अंतरही पायी एका-दोन दिवसांत ओलांडता येण्याइतकेच आहे.

हे अनुमान रूप आणि अंतर या दोन आधारांवर उभे आहे. ते त्याहून अधिक ताणू नये. तथापि शिळीमकर या नावाने त्याला बळकटी येते. गुंजण मावळाच्या या देशमुखांच्या नावाशी जुळणारे शिळींब हे गाव उत्तरेस, पवनेच्या बाजूस, मावळ तालुक्यात आहे. दोन्ही घराण्यांची नावे त्यांच्या वतनाच्या खोऱ्याबाहेर बोट दाखवितात. मावळातील देशमुखी ही मुळातल्या रहिवाशाला मिळालेली वस्तू नसून अनेकदा ओस जमीन वहिवाटीस आणणाऱ्या, वसाहत करणाऱ्या, बाहेरून आलेल्या कर्त्या पुरुषाला मिळालेली वस्तू होती, हे लक्षात घेतले म्हणजे यातील विसंगती नाहीशी होते.

एका प्रश्नाचे उत्तर येथेच देणे इष्ट. देशमुखी मिळाल्यावर ‘देशमुख’ हेच आडनाव का झाले नाही? श्रीवर्धनचे भट पेशवेपदामुळे ‘पेशवे’ झाले, भानू घराण्यातील पुरुष अधिकारामुळे ‘फडणवीस’ झाले. अधिकाराने जुने नाव पुसल्याची अशी उदाहरणे विपुल आहेत. मावळात मात्र प्रत्येक खोऱ्यालाच देशमुख होता. शेजारी बारा देशमुख असताना नुसत्या ‘देशमुख’ या शब्दाने ओळख पटत नसे. म्हणून पासलकर, मारणे, जेधे ही जुनी नावेच टिकली आणि ‘देशमुख’ हा शब्द उपाधी म्हणून त्यांच्या मागे उभा राहिला. आडनाव टिकते ते भेद दाखविण्याच्या त्याच्या उपयोगामुळे. प्रतिष्ठेचा त्याच्याशी संबंध दुय्यम असतो.

एका इंग्रजी आडनावाचा दाखला

स्थलवाचक आडनावांचा व्यवस्थित अभ्यास इंग्लंडमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. हेन्री गप्पी यांनी १८९० मध्ये परगणावार निर्देशिकांतील शेतकऱ्यांची नावे मोजून कोणते आडनाव कोणत्या परगण्याचे हे दाखविले. शेतकरी जागचा कमी हलतो, म्हणून त्याचीच नावे मोजावीत, ही त्यांची युक्ती आजही विचारात घेण्याजोगी आहे. पुढे १८८१ च्या जनगणनेच्या संपूर्ण नोंदी अभ्यासास खुल्या झाल्यावर विरळ इंग्रजी आडनावे अक्षरशः एखाद्या दरीभोवती गोळा झालेली दिसू लागली. यॉर्कशरमधील हॅलिफॅक्सच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात एकेका शेतवाडीवरून एकेक आडनाव निघाले. ‘बॅराक्लफ’ हे त्यांतील एक. ज्या जागेवरून ते आले ती जागा आज नकाशावर उरलेली नाही. आडनाव मात्र चालू आहे.

याच यॉर्कशरमधील ‘साइक्स’ हे आडनाव पुणे जिल्ह्याच्या अभ्यासकास दोन निरनिराळ्या कारणांनी भेटते, आणि हा योगायोग मौजेचा आहे. ‘साइक’ म्हणजे लहानसा ओढा, विशेषतः शिवेवरचा ओहोळ. ऑक्सफर्डमधील आनुवंशिकीचे प्राध्यापक ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले. ओढे सर्वत्र असल्याने हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले असावे, असा भाषाभ्यासकांचा समज होता. प्रत्यक्षात पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र जवळजवळ निम्म्या पुरुषांत एकाच प्रकारचे आढळले. म्हणजे या नावाला बहुधा एकच मूळपुरुष होता. उरलेल्या निम्म्यांत ते जुळत नव्हते. सुमारे सातशे वर्षांत दत्तक, आईचे नाव लावणे, विवाहबाह्य संतती, दुसऱ्याचे नाव घेणे अशा मार्गांनी आडनाव आणि रक्त यांची फारकत होत गेली होती.

दुसरे साइक्स म्हणजे यॉर्कशरमध्येच जन्मलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी त्यांची नेमणूक केली होती. दख्खनमधील जमीनधाऱ्यासंबंधीचा त्यांचा निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. गावची जमीन ‘थळां’त विभागलेली असते, प्रत्येक थळास ते मुळात ज्या कुळाचे होते त्याचे नाव असते आणि ते कूळ नष्ट झाले किंवा परागंदा झाले तरी थळाचे नाव बदलत नाही, ही बाब त्या काळच्या पाहणीतून पुढे आली. अशा बेवारस जमिनीस ‘गतकुळी’ म्हणत. थळझाड्याच्या कागदात म्हणून जिवंत आडनावांबरोबर मेलेली आडनावेही नांदत असत.

या दोन साइक्सांचे म्हणणे एकत्र ठेवले तर आडनावाच्या अभ्यासकाला दोन इशारे मिळतात. आज दिसणारे आडनाव म्हणजे अखंड रक्ताची हमी नव्हे, हा एक. आज न दिसणारी आडनावेही एकेकाळी होती, हा दुसरा. आडनाव विरळ का होते, याचे गणिती उत्तर फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये शोधले होते. नाव केवळ पुत्राकडून पुढे जात असेल, तर प्रत्येक पिढीत काही घरे निपुत्रिक राहतात आणि काही फोफावतात. अनेक पिढ्यांनंतर बरीच नावे निव्वळ योगायोगाने संपतात आणि थोडी नावे सर्वत्र पसरतात. त्यात कोणा घराण्याचा पराक्रम किंवा दोष शोधण्याचे कारण नसते. मावळासारख्या मुलखात दुष्काळ, स्वाऱ्या आणि साथी यांनी हा योगायोग अधिक कठोर केला असणार. गतकुळी जमीन ही गाल्टनच्या गणिताची गावकीच्या दप्तरातील नोंद होय.

मोजणीचे प्रश्न

भारताच्या जनगणनेत आडनावनिहाय तक्ते नसतात. तेव्हा एखाद्या आडनावाचे वितरण पाहण्यासाठी अभ्यासकाला मतदारयादीकडे वळावे लागते. ती गावनिहाय असते, देवनागरीत असते आणि प्रौढ स्त्री-पुरुष दोघांचीही असते. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी मुळशी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००९ पासून मुळशी, वेल्हे आणि भोर हे तालुके मिळून भोर मतदारसंघ झाला. खोऱ्यांच्या दृष्टीने ही पुनर्रचना अभ्यासकाला उपकारकच ठरली, कारण मोसे खोऱ्याचे दोन्ही भाग एका याद्यासंचात आले.

मतदारयादी वापरताना लिपीची काळजी घ्यावी लागते. रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत आणलेल्या याद्यांत ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेद हरवतो आणि ‘पासलकर’चे सहज ‘पासळकर’ होते. रोमन लिपीमुळे होणारे घोटाळे याहून विनोदीही असतात. ‘मारणे’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिले की फ्रान्समधील मार्न नदीच्या नावाशी ते अक्षरशः एकरूप होते; जगभरच्या आडनावांचे यांत्रिक संकलन करणाऱ्याने मुठे खोरे आणि मार्नचे खोरे एकाच रकान्यात घातले, तर नवल वाटू नये.

तालुका हा घटक धरून टक्केवारी काढणे येथे अत्यंत फसवे ठरते. २००१ मध्ये मुळशीची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती; २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७१ हजार झाली. ही वाढ खोऱ्यांत झालेली नाही. हिंजवडी, मारुंजी, सूस, बावधन, पिरंगुट या पूर्वेकडील पट्ट्यात माहिती तंत्रज्ञान उद्योग, कारखाने आणि गृहप्रकल्प यांच्यामुळे देशभरचे लोक आले. पश्चिमेकडील खोऱ्यांतून माणसे पुण्या-मुंबईकडे जात राहिली. शेजारच्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये अवघी सुमारे ५४ हजार होती. मुळशीतील आडनावांची विविधता वाढली आणि त्याच वेळी जुन्या आडनावांचे प्रमाण घटले, असा निष्कर्ष तालुक्याच्या आकड्यांवरून निघेल. तो खरा असूनही निरर्थक आहे, कारण त्यात खोऱ्यांचे रिकामे होणे आणि शहराचे पसरणे या दोन वेगळ्या घटना मिसळल्या आहेत. मोजणीचा घटक गाव किंवा फार तर खोरे असावा.

खोरे घटक धरला तरी देशमुखांच्या नावाने ओळखले जाणारे खोरे त्या नावाचेच असते असे नाही. मावळच्या डोंगरावर, सड्यावर, गवळी धनगरांचे वाडे आहेत; मरगळे, ढेबे, कोकरे, आखाडे ही त्यांची आडनावे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी या समाजाच्या परिसरावलंबी जीवनाचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. कातकरी वस्त्यांत हिलम, मुकणे, वाघमारे ही नावे आढळतात आणि त्यांच्याच बरोबर पवार, जाधव हीही आढळतात. एकच ‘पवार’ मराठा, धनगर, कातकरी अशा अनेक समाजांत असल्याने आडनावावरून जात ओळखण्याचा आपल्या समाजाचा जुना छंद शास्त्रीय दृष्ट्याही टाकाऊ आहे. उंचीनुसार आडनावे बदलत जाणारे खोरे हे वस्तीच्या थरांचे चित्र असते. इतिहासात मात्र त्यांतील एकाच थराचे नाव लिहिले गेले.

याहून मोठी उणीव स्त्रियांची आहे. एकाच कुळात विवाह होत नसल्याने पासलकरांच्या गावातील प्रत्येक सून दुसऱ्या आडनावाच्या घरातून, बहुधा दुसऱ्या गावाहून किंवा दुसऱ्या खोऱ्यातून येते आणि प्रत्येक लेक आपले नाव मागे ठेवून जाते. बाजी पासलकरांची कन्या रोहिडखोऱ्यातील कारीच्या कान्होजी जेधे यांना दिली होती. फत्तेखानाशी झालेल्या लढाईत नावाजलेला बाजी जेधे हा याच संबंधातून बाजी पासलकरांचा नातू. म्हणजे पासलकरांच्या वंशाचा एक ठळक भाग ‘जेधे’ या नावाखाली नोंदला गेला आहे. जॉर्ज डार्विन यांनी १८७५ मध्ये इंग्लंडमधील चुलत-मामे भावंडांच्या विवाहांचे प्रमाण काढण्यासाठी वधू-वरांची आडनावे समान असण्याचे प्रमाण वापरले होते. ही रीत महाराष्ट्रात शून्य उत्तर देईल. आपल्याकडे समान आडनाव टाळले जाते आणि मामेबहिणीशी विवाह मात्र चालतो. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या रचनेची जी चर्चा केली आहे ती लक्षात घेता, येथे मोजावयाची असते ती आडनावांच्या जोडीची पुनरावृत्ती. पासलकर-जेधे, मारणे-ढमाले अशा जोड्या पिढ्यान् पिढ्या किती वेळा येतात, यावरून खोऱ्या-खोऱ्यांमधील वाटा समजतील. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या देणगीनोंदी आणि वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती ही त्याची साधने होत. मतदारयादीतून ते निघत नाही.

वतन, दप्तर आणि पाणी

पासलकर हे आडनाव तीनशेहून अधिक वर्षे एका खोऱ्यात दाटून का राहिले, याचे कारण वतन हे होते. वतनाच्या तक्षिमा पडत, भावकी गावोगाव विभागली जाई, परंतु हक्क जमिनीशी बांधलेला असल्याने खोरे सोडणे तोट्याचे होते. मुंबई परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा १९५० मध्ये झाला आणि देशमुखीचे उरलेसुरले आर्थिक बंधन संपले. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खालचे खोरेच पाण्याखाली गेले. मोसे नदीवरील वरसगाव धरण १९७० च्या दशकात हाती घेण्यात आले आणि १९९३ मध्ये पूर्ण झाले. त्याची उपयुक्त साठवण सुमारे १२.८ अब्ज घनफूट आहे. खडकवासला साखळीतील चार धरणांत ती सर्वांत मोठी होय.

धरणामुळे माणसे उठली ही मुळशीत नवी गोष्ट नव्हती. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालील हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेरीस पन्नासच्या आसपास गावे धरणाने बाधित झाली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साद्यंत इतिहास लिहिला आहे. आडनावाच्या दृष्टीने या विस्थापनाकडे पाहिले असता एक गोष्ट जाणवते. गाव सुटले, माणसे दुसऱ्या गावी, पुण्यात, मुंबईत गेली. जुन्या न्यायाने तेथे त्यांना बुडालेल्या गावांची नावे चिकटावयास हवी होती. तसे झाले नाही.

याचे कारण दप्तरात आहे. १८३० च्या दशकात पुणे जिल्ह्यात सुरू झालेल्या महसुली मोजणीने खातेदाराचे नाव एका ठराविक रूपात लिहिण्यास आरंभ केला. नंतर शाळेचे दाखले, सातबारा, मतदारयादी, शिधापत्रिका यांनी ते रूप पक्के केले. आडनाव हे शेजाऱ्यांनी ठेवण्याचे नाव होते, ते कार्यालयाने राखण्याचे नाव झाले. पासली सोडणाऱ्या मूळपुरुषाला नव्या खोऱ्याने पासलकर म्हटले. वरसगाव किंवा मोसे सोडणाऱ्या त्याच्या वंशजाला नव्या गावातील तलाठ्याने त्याच्या दाखल्यावरचे नावच लिहून दिले. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने प्रकल्पग्रस्तांना लाभक्षेत्रात जमीन देण्याचे तत्त्व स्वीकारले, त्यामुळे डोंगरातील कुटुंबे सपाटीवरील गावांत गेली. तेथील मतदारयादीत त्यांचे आडनाव दिसेल. ते कोठून आले हे दिसणार नाही. पहिल्या स्थलांतराने आडनाव घडविले, दुसऱ्याची नोंद आडनावात नाही. शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने पूर्वेकडील एखाद्या गावात दोन-चार पासलकर कुटुंबे पाहिली, तर ती ‘पासली’हून थेट आली असा चुकीचा अर्थ तो लावू शकेल. मध्ये एक सबंध खोरे होते आणि तेथे त्यांनी अनेक शतके काढली, हे नावावरून कळण्याचा मार्ग राहिलेला नाही.

म्हणूनच मुळशी व राजगड तालुक्यांच्या परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम हाती घेणे निकडीचे आहे. विद्यार्थ्याचे आडनाव, आजोबांचे गाव, आजीचे माहेरचे आडनाव आणि घरच्या शेतांची नावे एवढी चारच माहितीची कलमे पुरेशी आहेत. यांतील शेवटचे कलम सर्वांत लवकर नाहीसे होणारे आहे. पूर्वेकडील पट्ट्यात शेताचे नाव जाऊन गट क्रमांक आणि गट क्रमांक जाऊन भूखंड क्रमांक आला आहे. जमीन विकली गेली की थळाचे नाव उच्चारण्याचे कारणच उरत नाही. वरच्या मोसे खोऱ्यात दासवे-मुगावच्या परिसरावर तर ‘लवासा’ या घडवून घेतलेल्या नावाचे छत्र आले. साइक्सच्या काळी गतकुळांची नावे निदान जमिनीने सांभाळली होती.

वरसगाव धरणाच्या जलाशयाला शासनाने ‘वीर बाजी पासलकर जलाशय’ असे नाव दिले आहे. गावावरून माणसाला मिळालेले नाव माणसाकडून पुन्हा एका ठिकाणाला मिळाले, असे उदाहरण पुणे जिल्ह्यात विरळ असावे. पावसाळ्यात पुण्याची वृत्तपत्रे धरणसाठ्याचा तक्ता छापतात, त्यात टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी नावे असतात. पासलकरांचे नाव त्या तक्त्यात सहसा येत नाही. बोलण्यात आणि छापण्यात टिकले आहे ते वरसगाव या गावाचे नाव.